मॉनिटरचा दिवा हिरवा, पडदा काळा : मदत हवी

देवगडकर
मंडळी नमस्कार. माझं देवगडात डीटीपी आणि झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. दोन कॉम्प्युटर आहेत. त्यातल्या कोरलवाल्याचा (कोरल म्हणजे पत्रिका डिझाइन करायचं सॉफ्टवेअर) मॉनिटर १९ इंची, चौकोनी, २००८ च्या आसपासचा, १२८० बाय १०२४. काल संध्याकाळी परतीच्या पावसात विजा चमकत होत्या, लाइट सारखी ये-जा करत होती. आज सकाळी चालू केलं तर सीपीयूचे पंखे फिरतात, मॉनिटरचा दिवा हिरवा लागतो आणि पडदा काळा. 'नो सिग्नल' वगैरे अक्षरंही नाहीत.

केबल काढून पुन्हा घट्ट बसवली, प्लग बदलून पाहिला. फरक शून्य. व्हीजीए केबलच्या (सीपीयूकडून मॉनिटरला चित्र नेणारी) टोकाला नीट बघितलं तर मधल्या ओळीतली एक पिनच नाहीये. तीच भानगड असेल का?

तुळशीच्या लग्नानंतर पत्रिकांचा सीझन सुरू होतो, आत्तापासूनच लोक नमुने बघायला येतायत. एक पत्रिका तर उद्या छापायला जायची आहे आणि तिची फाइल याच मशीनवर. इथे मॉनिटर उघडणारा कोणी नाही, कणकवली गाठावी लागते. काय करू?

चिमण
रॅम! डोळे मिटून सांगतो, रॅम, म्हणजे आतली मेमरीची पट्टी. पावसाळ्यानंतर कोकणात हे हमखास होतं. प्लग काढा, रॅमची पट्टी काढा, सोनेरी दातांवर खोडरबर फिरवा, कोरड्या कापडाने पुसा, परत घालताना दोन्ही बाजूंचं 'टक' ऐकू आलं पाहिजे. शंभरातले नव्वद कॉम्प्युटर एवढ्यावर जिवंत होतात.

बबड्या
उरलेले दहा चिमणने हात लावल्यावर जातात. (दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

हेमंत_अ
आधी पिनचं सांगतो म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. व्हीजीएच्या १५ पिनांपैकी ९ नंबरची पिन बऱ्याच केबलना मुळातच नसते. मधल्या ओळीतली चौथी. तुमची तीच गायब असेल तर ती तुटलेली नाही, कंपनीनेच तशी बनवली आहे. दर पावसाळ्यात कोणीतरी एवढ्यासाठी नवी केबल विकत घेतो.

खरोखर पिन तुटली तर काय होतं तेही सांगून ठेवतो. १, २, ३ म्हणजे लाल, हिरवा, निळा. यातली एक गेली तर चित्र येतं, पण अख्खा पडदा एका रंगाकडे झुकतो. १३ आणि १४ सिंकच्या (चित्राची वेळ जुळवणाऱ्या), त्यातली एखादी गेली तर चित्राचं नाव नको. १२ आणि १५ वरून मॉनिटर कॉम्प्युटरला आपली ओळख सांगतो. त्या गेल्या तर चित्र येतं, पण विंडोजला मॉनिटर कुठला ते कळत नाही आणि रिझोल्यूशनचे मोजकेच पर्याय मिळतात.

आता एक करा. कॉम्प्युटर चालू करून दोन-तीन मिनिटं थांबा आणि कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतो-विझतो का? विंडोज सुरू होतानाचा आवाज येतो का?

देवगडकर
मधल्या ओळीतली चौथीच आहे. वाचलो! कॅप्स लॉकचा दिवा लागतो, विझतो. स्पीकर लावून पाहिला, विंडोजचा आवाजही आला.

हेमंत_अ
मग रॅम विसरा. खोका, म्हणजे सीपीयू, ठणठणीत आहे.

चिमण
तरी एकदा पुसून बघायला काय जातंय…

तांबट
पुसून बघायला जातं असं की, चालू मशीन उघडलं की नवीन भानगड तयार होते. देवगडकर, सीपीयूला हात लावू नका.

मला दोन गोष्टी सांगा. एक, मॉनिटरचं बटण बंद करून चालू केलंत की अगदी पहिल्या क्षणी पडद्यावर काही लुकलुकतं का? कंपनीचं नाव, चित्र, काहीही? नीट डोळा ठेवून बघा, सेकंद-दोन सेकंदांचं काम असतं. दोन, गेल्या काही महिन्यांत सकाळी चालू केल्यावर पडदा थोडा वेळ लालसर किंवा गुलाबी दिसायचा का?

देवगडकर
काका, तुम्ही विचारल्यावर दुकानाचं शटर अर्धं ओढून अंधारात बघितलं. हो! बटण दाबल्यावर सेकंदभर डेस्कटॉप दिसतो आणि गप्प होतो. परत बंद-चालू केलं की परत सेकंदभर.

लालसरपणाचं म्हणाल तर गणपतीपासून सकाळी पहिली पाच-दहा मिनिटं पडदा गुलाबी असायचा. मग आपोआप नीट व्हायचा, म्हणून लक्ष दिलं नाही.

तांबट
छान निरीक्षण. आता आणखी एक बघा म्हणजे संशय राहणार नाही. मॉनिटर चालूच ठेवा, दुकानातले दिवे घालवा, मोबाइलचा टॉर्च पडद्याला जवळजवळ टेकवा आणि तिरपा धरा. समोरून नको, नुसता उजेड परत डोळ्यात येतो. बाजूने, तिरका. जिथे आयकॉन असतील असं वाटतं त्या कोपऱ्यापासून सुरुवात करून हळूहळू फिरवा.

देवगडकर
अरे देवा! दिसतंय! रीसायकल बिन दिसतोय, अगदी पुसट, धुक्यातून बघितल्यासारखा. त्याच्या खाली 'पत्रिका_फायनल_खरंच फायनल' हे फाइलचं नावसुद्धा वाचता आलं. ही काय जादू?

तांबट
जादू नाही. दिवाळी तोंडावर आहे म्हणून तसंच सांगतो, आकाशकंदिलाचा कागद शाबूत आहे, आतला बल्ब गेलाय. एलसीडीचा पडदा स्वतः उजेड देत नाही, मागून येणारा उजेड फक्त अडवतो किंवा सोडतो. चित्र तयार होतंय, मागचा उजेड नाही. म्हणजे खोका बरोबर, केबल बरोबर, मॉनिटरचा मुख्य बोर्ड बरोबर, पॅनेल बरोबर. दुखणं एवढ्याच भागात आहे : पॉवर बोर्ड, इन्व्हर्टर बोर्ड आणि ट्यूब.

२००८ चा म्हणजे तुमच्यात एलईडी नाहीत. पेन्सिलीहून बारीक अशा सीसीएफएल ट्यूब आहेत. १९ इंचीला बहुधा चार, दोन वर, दोन खाली. त्यांना पेटायला हजाराच्या वर व्होल्ट लागतात, ते इन्व्हर्टर बोर्ड तयार करतो (घरच्या बॅटरीवाल्या इन्व्हर्टरशी याचा संबंध नाही). त्या बोर्डावरची आयसी (चिप) प्रत्येक ट्यूबमधून करंट नीट जातोय का यावर लक्ष ठेवते. एका ट्यूबने दगा दिला तरी ती सगळ्याच बंद करते. सेकंद-दोन सेकंद चित्र आणि मग अंधार, हे त्याचंच लक्षण.

आता कारणं दोन. पॉवर बोर्डावरचे कपॅसिटर (वीज साठवणारी छोटी नळकांडी) फुगले असतील तर इन्व्हर्टरने जोर मागितला की व्होल्टेज बसतं आणि सगळं गप्प होतं. किंवा ट्यूबचंच आयुष्य संपलं असेल. तुमचा तो गुलाबी रंग मला ट्यूबकडे ढकलतोय. म्हातारी झालेली ट्यूब गार असताना लाल-गुलाबी पेटते. विजांनी शेवटचा धक्का दिला असेल, पण दुखणं गणपतीपासूनचं आहे. तरी उघडल्याशिवाय छातीठोक सांगणार नाही.

मंजूषा_क
बापरे, टॉर्चची युक्ती भारी आहे. वाखू (वाचनखूण) साठवली.

हेमंत_अ
देवगडकर, दुरुस्ती होईल तेव्हा होईल, आधी उद्याची पत्रिका बघा. घरी एलईडी टीव्ही आहे का? मागे बघा, थोड्या जुन्या टीव्हींना निळं व्हीजीए सॉकेट असतं, शेजारी 'पीसी' लिहिलेलं. ती केबल तशीच टीव्हीला लावा, रिमोटवरून सोर्स बदला, झालं काम. चित्र कडेने कापलेलं दिसलं तर टीव्हीच्या मेनूत आस्पेक्ट बदला. 'आउट ऑफ रेंज' आलं तर मात्र विंडोज सेफ मोडमध्ये चालू करून रिझोल्यूशन कमी करावं लागेल.

बबड्या
आणि उद्या गावभर होणार, देवगडकरांकडे ४० इंची पडद्यावर पत्रिका दाखवतात. रेट वाढवा.

देवगडकर
टीव्हीला सॉकेट आहे! पोराने कार्टूनसाठी थोडा दंगा केला, पण सीपीयू घरी नेऊन फाइल काढली, पीडीएफ पाठवून दिली. हेमंतभाऊ, मोठे उपकार.

आता उघडायचं म्हणतो. मी सोल्डरिंग थोडंफार करतो, झेरॉक्स मशीनचे किरकोळ उद्योग मीच करतो. काय बघू, काय नको?

तांबट
तुम्ही सोल्डरिंग केलंय म्हणून सांगतो, नाहीतर कणकवलीच म्हणालो असतो. हे नीट वाचा, घाईने नको.

प्लग काढून मॉनिटर निदान तासभर तसाच ठेवा. तरीही पॉवर बोर्डावरचा सगळ्यात जाडा कपॅसिटर, ज्यावर ४०० किंवा ४५० व्होल्ट लिहिलेलं असतं, त्याला भरलेलाच समजायचं. घरातले २३० व्होल्ट आत येऊन डीसी झाले की त्याच्या टोकांवर ३२५ च्या आसपास असतात. मीटर डीसीवर लावून मोजा. काही शिल्लक असेल तर जुना पिवळा, आत तार असलेला बल्ब होल्डरसकट दोन्ही टोकांना लावा, उतरेल. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी काढणारे बहाद्दर मी पाहिलेत. बोर्डाचे ट्रॅक जळतात, कधी हातही.

उघडताना आधी स्टँड काढा, मागचे स्क्रू काढा. पुढची पट्टी स्क्रूवर नसते, आतल्या खाचांवर बसलेली असते. एखादं जुनं एटीएम कार्ड फटीत घालून खालच्या बाजूने सरकवत न्या. टक टक करत सुटत जाईल. लोखंडी पाना घातलात तर प्लास्टिक मोडेल आणि पॅनेलची काच गेली तर खेळ खलास.

आत पत्र्याच्या डब्याखाली दोन बोर्ड असतील. ज्याला प्लगची वायर येते तो पॉवर बोर्ड. तुमच्या काळातल्या मॉनिटरमध्ये इन्व्हर्टर बहुतेक त्याच्यावरच असतो. मधले मध्यम आकाराचे कपॅसिटर बघा, ४७० किंवा १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट. डोकं सपाट असेल तर ठीक. फुगलेलं, किंवा त्या फुलीच्या खाचेतून तपकिरी चिकट काही आलेलं असेल, तर तो मेलाच. २००० नंतरच्या काही वर्षांत खराब इलेक्ट्रोलाइटच्या कपॅसिटरने जगभरातले मदरबोर्ड आणि मॉनिटर मारले होते, ती रड तुमच्या मॉनिटरच्या पिढीपर्यंत चालू होती.

बदलायचे झाले तर मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त, १०५ डिग्रीचे आणि लो ईएसआर (आतला रोध कमी असलेले). अंगावरची पट्टी म्हणजे ऋण. काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. एक फुगलेला दिसला तरी त्या ओळीतले सगळे बदला, वीस-पंचवीस रुपयांसाठी पुन्हा उघडायची वेळ आणू नका.

आणि उघडा मॉनिटर चालू करून ट्यूबच्या गुलाबी-पांढऱ्या वायरींना हात लावायचा नाही. म्हणजे नाही.

नीलाक्ष
इतकी खटपट कशाला? २००८ चा मॉनिटर आहे. वापरलेला एलईडी मॉनिटर थोडक्या पैशांत मिळतो, कंपन्या ऑफिसं बदलतात तेव्हा ढिगाने निघतात. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला बघा.

तांबट
व्यवहाराने तुम्ही बरोबर आहात. पण देवगडहून लॅमिंग्टन रोडला जायचं भाडं आणि एक बुडालेला दिवस धरा, मग कपॅसिटर स्वस्त वाटतील. शिवाय चौकोनी मॉनिटरवर उभं पान कामाच्या आकारात दिसतं, डीटीपीवाले तो सहजासहजी सोडत नाहीत. मीही नाही सोडला.

मंजूषा_क
धागा हायजॅक करतेय, माफ करा. लेकाचा नवीन कॉम्प्युटर काल लॅमिंग्टन रोडहून जोडून आणला. रायझन ५ ५६०० प्रोसेसर आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड. दुकानात चित्र दिसत होतं, आम्ही स्वतः पाहिलं. गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून ठाण्याला आणला, तर पंखे, रंगीत दिवे सगळं चालू आणि मॉनिटरवर 'नो सिग्नल'. नवीन मॉनिटरही बिघडला? टॉर्च मारून पाहिला, काही दिसत नाही. लेक तोंड पाडून बसलाय.

हेमंत_अ
ताई, तुमची केस वेगळी आहे. मॉनिटर स्वतःहून 'नो सिग्नल' लिहितोय म्हणजे पडदा, उजेड सगळं नीट आहे. टॉर्चचा इथे उपयोग नाही. दोष खोक्यात, केबलमध्ये किंवा सोर्सच्या बटणात.

मागे एचडीएमआयची सॉकेट दोन ठिकाणी असतील. वर, यूएसबीच्या शेजारी, मदरबोर्डचं. खाली, आडव्या पट्टीत, ग्राफिक्स कार्डाचं. तुमच्या ५६०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही (५६००जी असता तर होतं), त्यामुळे वरच्या सॉकेटातून काहीही येणार नाही. इंटेलमध्ये नावामागे एफ असेल, उदाहरणार्थ १२४००एफ, तर तेच. केबल खालीच हवी.

तसंच मदरबोर्डाच्या कडेला चार बारीक दिवे असतात. सीपीयू, डीआरएएम (म्हणजे रॅम), व्हीजीए, बूट अशी नावं बारीक अक्षरात छापलेली असतात. चालू केल्यावर कुठला लागून राहतो बघा.

मंजूषा_क
केबल खालीच आहे, लेक म्हणतो एवढं कळतं मला. मॉनिटरच्या मेनूत सोर्स एचडीएमआय १ आहे, तोही बरोबर. बाजूची काच काढून बघितलं, डीआरएएमजवळ पिवळा दिवा लागून राहिलाय.

चिमण
मंडळी, मी काही बोलत नाही. फक्त वर जाऊन माझा पहिला प्रतिसाद वाचा.

बबड्या
तुटलेलं घड्याळसुद्धा दिवसातून दोनदा… जाऊ दे.

चिमण
ताई, प्लग काढा, मागचा स्विच बंद करा, पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलीसुरली वीज जाईल. केसच्या पत्र्याला हात लावा, मगच रॅमला. दोन्ही पट्ट्या काढून पुन्हा बसवा. दोनच पट्ट्या असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. काही बोर्डांवर खाचेची एकच बाजू उघडते, दुसरी कायम बंद असते. त्या बंद बाजूचं टोक अर्धवट बसलेलं चटकन कळत नाही. तिथे अंगठ्याने जोर द्या. नवीन रॅम आहे, खोडरबर नको.

हेमंत_अ
+१. वाटेतल्या खड्ड्यांनी रॅम हलली असणार. ग्राफिक्स कार्डही एकदा दाबून बघा, जड कार्ड प्रवासात खाली झुकतं. पुढच्या वेळी खोका आडवा झोपवून न्या, मदरबोर्ड खाली आणि काच वर, म्हणजे कार्ड उभं राहतं.

मंजूषा_क
आलं!!! चौथ्या खाचेतली पट्टी खालच्या टोकाला वर आली होती. चिमणभाऊ, ठाण्याला आलात तर पुरणपोळी.

परदेशी_पाखरू
धाग्याचं काश्मीर (विषयांतर) होतंच आहे तर माझंही विचारून घेतो. आइंडहोवनहून. ऑफिसने नवीन मॉनिटर दिला, यूएसबी-सी चा. लॅपटॉप लावला की लॅपटॉप चार्ज होतो पण चित्र येत नाही. केबल फोनबरोबर आलेली वापरतोय.

हेमंत_अ
केबलच. फोनबरोबर येणारी यूएसबी-सी केबल बहुतेक वेळा चार्जिंग आणि यूएसबी २ पुरतीच असते, चित्र नेणाऱ्या तारा तिच्यात नसतात. मॉनिटरच्या खोक्यातली केबल शोधा. तिनेही आलं नाही तर लॅपटॉपच्या त्या सॉकेटजवळ डिस्प्ले पोर्टची खूण (डी आणि पी एकत्र) किंवा थंडरबोल्टची वीज आहे का बघा. दोन्ही नसेल तर लॅपटॉपची माहिती तपासा. प्रत्येक यूएसबी-सी मधून चित्र निघतंच असं नाही.

परदेशी_पाखरू
खोक्यात थर्माकोलच्या खाली चिकटवलेली होती. चालू. धन्यवाद!

नीलाक्ष
याच ओळीत एक, कोणाला उपयोगी पडलं तर. अडॅप्टरला दिशा असते. एचडीएमआयवरून व्हीजीएकडे नेणारा कन्व्हर्टर उलट लावून व्हीजीए कॉम्प्युटर एचडीएमआय मॉनिटरला जोडता येत नाही, खोके दिसायला सारखे असले तरी. आणि हे कन्व्हर्टर एचडीएमआयच्या ५ व्होल्टवर जगतात. तिथे ५५ मिलिअँपिअरचीच हमी असते, त्यामुळे काही ठिकाणी चित्र येतं-जातं. कन्व्हर्टरला बारीक यूएसबी सॉकेट असेल तर त्याला वेगळी वीज द्या.

विंडोज चालू असताना अचानक काळं झालं तर विंडोज + कंट्रोल + शिफ्ट + बी दाबा, ग्राफिक्सचा ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो. लिनक्सवर बूट होताना काळं होत असेल तर ग्रबच्या (बूट मेनूच्या) ओळीत नोमोडसेट (इंग्रजीत, सलग) घालून आत शिरा आणि मग ड्रायव्हर बघा.

चिमण
आणि डीडीआर५ रॅमवाला नवा एएम५ सॉकेटचा रायझन पहिल्यांदा चालू करताना घाबरू नका. मेमरीचं ट्रेनिंग (रॅमशी जुळवून घेणं) चालतं, काही मिनिटं पडदा काळाच राहतो. माझ्या मित्राने त्या दहशतीत तीनदा बंद केला, दर वेळी ट्रेनिंग पहिल्यापासून.

देवगडकर
उघडला. तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं, एटीएम कार्डाचा कोपरा गेला पण पट्टी शाबूत. आत पालीची वाळलेली अंडी होती, ती बोर्डापासून लांब होती.

कपॅसिटर एकूण एक सपाट. तरी १००० मायक्रोफॅरडचे बदलले, हाताशी होते. चालू केला, तोच प्रकार, सेकंदभर आणि अंधार. मग कणकवलीच्या मेकॅनिकला फोन केला, तो म्हणाला घेऊन या. त्याने पॅनेल उघडून ट्यूबची वरची जोडी बाहेर काढली, तर एका ट्यूबची दोन्ही टोकं काळीकुट्ट, जळलेल्या ट्यूबलाइटसारखी. काका, तुमचा गुलाबी रंगाचा अंदाज बरोबर निघाला.

आता तो म्हणतो ट्यूब मिळत नाहीत, एलईडी पट्टीचं किट बसवतो. करू का?

तांबट
ट्यूबच निघाली म्हणजे कपॅसिटरचे पैसे वाया असं समजू नका, आता पॉवर बोर्ड आणखी काही वर्षं बघायला नको.

एलईडी किट बसवा, बिघडत नाही. ट्यूबच्या जागी वर-खाली पट्ट्या बसतात, पट्टी पॅनेलच्या लांबीएवढी कापून घ्यायची. फक्त ज्या मॉनिटरवर रंग ठरवून छापायला देता, तिथे तो वापरू नका. स्वस्त किटचा पांढरा निळसर असतो. पडद्यावर कुंकवाचा लाल एक दिसेल आणि कागदावर दुसरा येईल, मग गिऱ्हाईक तुम्हाला लाल करेल. मजकूर टाइप करायच्या मशीनला लावा, कोरलसाठी साधा का होईना आयपीएस पॅनेलचा (रंग जास्त खरे दाखवणारा) नवा घ्या.

आणि काढलेल्या ट्यूब फोडू नका, दुकानामागे टाकू नका. त्यात पारा असतो. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून, खोक्यात ठेवून ई-कचरा घेणाऱ्याला द्या. २०२२ चे ई-कचऱ्याचे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, मॉनिटर त्यात येतात. भंगारवाला घेईल, पण तो ट्यूब नेऊन फोडणारच.

मंजूषा_क
काका, विजांचं काय करायचं? आम्ही यूपीएस आहे म्हणून निर्धास्त असतो.

तांबट
यूपीएस लाइट गेल्यावर काम वाचवतो. जवळ पडलेल्या विजेपुढे त्याचं फार चालत नाही. गडगडायला लागलं की भिंतीतला प्लग काढा, नुसतं बटण नको. आणि इंटरनेटची तांब्याची लॅन केबलसुद्धा काढा, वीज तिकडूनही आत येते हे लोक विसरतात. तिकडून आलेली वीज आधी राउटर आणि मदरबोर्ड खाते. कोकणात अर्थिंगही तपासून घ्या. पावसाळ्यात जमीन ओली म्हणून सगळं छान वाटतं, जांभा मार्च-एप्रिलमध्ये सुकला की अर्थिंग नावापुरतं उरतं.

देवगडकर
मंडळी, शेवटचं अपडेट. किट बसवून मॉनिटर परत आला. लखलखीत! म्हणजे जरा जास्तच. काकांच्या सल्ल्याप्रमाणे कोरलला नवा आयपीएस घेतला आणि हा चौकोनी टायपिंगच्या मशीनला लावला. रंगाचं तुम्ही म्हणालात तसंच, शेजारी शेजारी ठेवले की पांढरा वेगळा दिसतो.

दोन कटकटी आहेत. मेनूतून ब्राइटनेस कमी केला तरी होत नाही, डोळे दुखतात. आणि कॉम्प्युटर झोपवला की चित्र जातं पण पडदा मागून उजळलेलाच राहतो, रात्रभर. मेकॅनिक म्हणतो किट असंच असतं.

तांबट
असंच नसतं. किटच्या छोट्या बोर्डाला चार वायरी असतात : १२ व्होल्ट, ग्राउंड, चालू-बंदची आणि ब्राइटनेसची. त्याने चालू-बंदची वायर थेट १२ व्होल्टला बांधून टाकली असणार आणि ब्राइटनेसची सोडून दिली असणार. काम उरकायची पद्धत.

मुख्य बोर्डाकडून पॉवर बोर्डाकडे जी चपटी वायर जाते, तिच्या सॉकेटजवळ नावं छापलेली असतात. ऑन-ऑफ किंवा बीएल-ऑन असं एक आणि डिम किंवा एडीजे असं दुसरं. मॉनिटर झोपतो तेव्हा पहिल्यावरचं व्होल्टेज शून्याकडे जातं का ते मीटरवर बघा (३२५ व्होल्टची बाजू विसरू नका, मीटरचं काळं टोक मुख्य बोर्डाच्या ग्राउंडला). तिथून एक वायर किटच्या चालू-बंदला, दुसऱ्यावरून ब्राइटनेसला. १२ व्होल्टची गाठ आधी सोडा, नाहीतर ते व्होल्ट उलटे मुख्य बोर्डात शिरतील. एखाद्या मॉनिटरमध्ये ब्राइटनेस उलटा चालतो, वाढवला की कमी होतो. तसं झालं तर उलट्या बाजूने सवय करून घ्या, फार शोधत बसू नका.

देवगडकर
जोडलं. आता झोपवला की पडदा पूर्ण विझतो. ब्राइटनेस उलटाच चालतोय, ० वर सगळ्यात लख्ख आणि १०० वर मिणमिणता. दुकानातल्या पोराला सांगून ठेवलंय, ७० च्या खाली आणायचा नाही.